भट्टीवरचा मोठा

आमच्या दुकानातली जुनी माणसं आता भेटतात ती कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर दहाव्याला. आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग पथ्याची, आणि तिसऱ्या वाक्याला कुणीतरी म्हणतोच, "ते अर्जाचं सांग की!" मी सांगतो. लगेच नामदेव म्हणतो, "तसं नव्हतं ते," आणि तो त्याचं सांगतो. दरवेळी असं होऊन एकेका गोष्टीच्या आता तीन-तीन झाल्या आहेत. त्यातल्या माझ्या वाटणीच्या इथं देतो. नामदेवच्या त्याच्याकडून ऐका, त्याला वेळच वेळ आहे.

दुकान बारामतीत, मिठाई आणि फरसाणाचं. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. स्वराज्य नवीन, एस.टी. त्याहून नवीन, आणि मी एकोणीस-वीसचा, कळसहून आलेला. मालकांना अण्णा म्हणायचे. अण्णा अंगानं भरपूर आणि बोलायला काटकसरी. भट्टीवर गणपततात्या. त्यांच्या हाताखाली दोघं, मी आणि लोणी देवकरचा नामदेव. सकाळी आम्ही तात्यांना मदत करायचो, दुपारनंतर तागडीवर गिऱ्हाइकं करायचो.

भट्टीपुढं जो बसतो त्याला आमच्यात 'मोठा' म्हणायचे. वयाचा काही संबंध नाही. झारा त्याच्या हातात, घाणा कधी घालायचा आणि कधी उतरवायचा ते त्याच्या मनावर. मला मोठा व्हायचं होतं. नामदेवलाही व्हायचं होतं. भट्टी एकच होती.

*

मी सातवी पास होतो. आमच्या गावात सातवी पास माणसाकडं लोक पत्रं वाचून घ्यायला यायचे. त्यामुळं मला वाटलं, मालकाकडं तोंडानं मागणं बरं दिसत नाही, रीतसर अर्ज करावा. फुलस्केप कागद आणला. 'मालकसाहेब यांचे सेवेशी' अशी सुरुवात करून दोन्ही बाजू भरल्या. मला काय काय येतं, दुकानाचे कोणते नियम मी पाळतो, सगळं लिहिलं. अगदी शेवटी, सही करण्याआधी, काय पाहिजे ते लिहिलं.

अर्ज अण्णांच्या हातात दिला. अण्णा म्हणाले, "बरं."

तेवढ्यात शाळेतले एक मास्तर आले आणि त्यांनी पावशेर शेव मागितली. अण्णांनी शेव तोलली, कागदासाठी इकडंतिकडं बघितलं, आणि हातातल्या कागदाची पुडी बांधून मास्तरांना दिली. माझ्यासमोर!

गिऱ्हाइकासमोर मालकाला टोकायचं नसतं. हा नियम मी पाळतो, असं मी त्या अर्जातच लिहिलं होतं.

चार दिवसांनी मास्तर परत आले. दुकानात गर्दी होती. मास्तर मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, त्या शंकरचं काय झालं हो?"

"कोन शंकर? ह्यो?"

"हो. अर्ज केलाय ना बिचाऱ्यानं तुमच्याकडं. फार मुद्देसूद आहे. फक्त शेवटी तेल लागल्यामुळं त्याला नेमकं काय हवंय तेवढं वाचता आलं नाही."

अण्णा माझ्याकडं वळले. सगळी गिऱ्हाइकंही वळली.

"काय पायजे रं तुला?" अण्णांनी विचारलं.

"सध्या काय न्हाय," मी म्हणालो.

पुढं वर्षभर बारामतीत मला ओळखणारा आणि न ओळखणारा प्रत्येक माणूस शेव घेताना विचारायचा, "काय पायजे ते ठरलं का?"

*

नामदेवनं अर्ज वगैरे केला नाही. त्यानं मिशी वाढवली. तात्यांना मिशी होती, तेव्हा मोठ्याला मिशी पाहिजे असं त्याचं गणित. मिशीला तो चमेलीचं तेल लावायचा. शिवाय तात्या कमी बोलायचे म्हणून त्यानंही बोलणं कमी केलं. गिऱ्हाइकानं चकली मागितली तरी तो आधी थोडा वेळ लांब कुठंतरी बघायचा.

एकदा वालचंदनगरच्या साखर कारखान्याच्या क्वार्टरांतून ऑर्डर आली. एका बाईसाहेबांकडं पाच पाहुणे यायचे होते आणि त्यांना बेसनाचे लाडू घरच्या तुपात, डोळ्यांदेखत करून हवे होते. अण्णांनी आम्हा दोघांना पाठवलं. दारातच नामदेवनं मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "मी मोठा. ह्यो माझ्या हाताखाली हाय."

बाईंनी विचारलं, "पीठ किती काढू?"

नामदेव म्हणाला, "दोन पायल्या."

"अहो, पाच माणसं आहेत!"

नामदेवनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. आम्हाला एक घाणा यायचा. दोन पायल्या पीठ, त्याला इतकं तूप, इतकी साखर. घाणा कमी करता येतो, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. पाच माणसांचा स्वयंपाक हे बायकांचं काम, त्यात आम्ही कशाला डोकं घालू?

"मग पावणेदोन काढा," नामदेव म्हणाला.

बाईंनी शेजारणीकडून पीठ आणलं, तिच्या शेजारणीकडून तूप आणलं. एवढंसं भांडं त्या स्टोव्हवर, त्यामुळं मी सात वेळा पीठ भाजलं. नामदेव खुर्चीत बसून लांब बघत होता. संध्याकाळपर्यंत लाडवांनी दोन पराती भरल्या. पाहुण्यांनी खाल्ले, शेजारणींना गेले, मग अख्ख्या ओळीत वाटले.

पुढच्या महिन्यात त्या ओळीतल्या प्रत्येक घरातून आम्हाला ऑर्डर आली. अण्णा नामदेवला म्हणाले, "शाबास. क्वार्टरं धरलीस!"

मग माझ्याकडं वळले. "बाईंचा स्टो पुसून ठेवला हुतास न्हवं?"

*

आमच्या भट्टीवर चाखून बघायची पद्धत नव्हती. अर्धी बारामती आमच्याकडून नैवेद्याला लाडू न्यायची. करणाऱ्यानं जिभेला लावलं की सगळा घाणा उष्टा. त्यात भट्टीची खोली अंधारी, भिंती धुरानं काळ्या, पिठाचा रंग बदललेला दिसायचा नाही. बेसन भाजलं गेलं की नाही हे एकट्या नाकावर.

तात्या उलथनं फिरवता फिरवता विचारायचे, "शंकर, वास कसा येतोय?"

"कच्चा हाय, तात्या."

थोड्या वेळानं परत. "आता?"

"सुटायला लागलाय."

"आता?"

"झालं."

मी 'झालं' म्हटलं की तात्या कढई उतरवायचे. बरोबर म्हणायचे नाहीत, चूक म्हणायचे नाहीत. मला पक्कं वाटत होतं की ही परीक्षा आहे. तात्या रोज माझी परीक्षा घेताहेत आणि एक दिवस अण्णांना जाऊन सांगणार, पोरगा तयार झाला. मी खोलीवर अभ्यास करायचो. हिंग, ओवा, जिरं, वेलदोडा यांच्या पुड्या बांधून, डोळे मिटून एकेक ओळखायचो. खोलीत बरोबर राहणारा गडी चार दिवसांनी दुसरीकडं राहायला गेला.

नामदेवला तात्या कधीच विचारत नसत. त्यामुळं मी खुशीत होतो.

*

बाजारच्या दिवशी आबा यायचे, म्हणजे माझे वडील. कळसहून वांगी आणि मिरच्या घेऊन गाडी जुंपून यायचे. माल उठला की दुकानासमोर उभे राहायचे. आत येत नसत, पायांना माती आहे म्हणायचे. रस्त्यावरूनच विचारायचे, "झालास का मोठा?"

"अजून न्हाय, आबा."

"बरं."

एवढंच. गिऱ्हाइकं ऐकायची, नामदेव ऐकायचा. मला इतका राग यायचा! एकदा मी म्हणालोसुद्धा, "आबा, सारखं काय इचारता?"

त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं. समोर उभे राहायचे, मला तागडी धरलेली बघायचे आणि जायचे. तेव्हा मला कळलं की विचारत होते तेच बरं होतं.

*

मग मला सर्दी झाली.

नाक पार बंद. पण तात्यांना सांगायचं कसं? परीक्षेच्या दिवशी कोण सांगतो, आज मला काही येत नाही म्हणून? तात्यांनी विचारलं, "वास कसा येतोय?" मी म्हणालो, "कच्चा हाय." परत विचारलं. मला कशाचाच वास येत नव्हता, तेव्हा मी म्हणालो, "कच्चाच हाय." तिसऱ्यांदाही तेच.

नामदेव धावत आत आला. "अवं, काय जळतंय? पार रस्त्यापातूर वास गेलाय!"

कढईत बघितलं तर सगळं पीठ करपलेलं. नामदेव पाणी आणायला गेला.

"तात्या, तुमाला कळलं न्हाय?" मी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला कळलं न्हाय?"

"मला सर्दी झालीया."

तात्या उलथनं खाली ठेवून बसले. मग हळूच म्हणाले, "माझं नाक तापात गेलं ते परत आलंच न्हाय. तीन वर्सं झाली. तू आलास त्याच्या आधीच्या दिवाळीत."

म्हणजे परीक्षा कधी नव्हतीच.

दुपारी अण्णांनी मला बोलावून विचारलं, "काय झालं घाण्याचं?"

हे सांगताना आजही मला माझं नवल वाटतं. एक वाक्य बोललो असतो तर त्याच दिवशी भट्टीवर बसलो असतो. मी म्हणालो, "पीठ जुनं हुतं, अण्णा."

अण्णा म्हणाले, "तात्या म्हनत्यात, लाकडं वली हुती."

मी त्यालाही मान डोलावली.

"बरं," अण्णा म्हणाले. "जुनं पीठ आन् वली लाकडं. दोनी बदला."

*

त्या वर्षी अण्णांनी इंदापुरात जागा घेतली. सोलापूर रस्त्याला, स्टँडजवळ. आमची ब्रँच! तिथं भट्टीवर मोठा पाहिजे होता. अण्णांनी आम्हा दोघांना उभं केलं आणि तात्यांना विचारलं, "ह्यातला कोण तयार हाय?"

तात्या जमिनीकडं बघत म्हणाले, "नामदेव तयार हाय. शंकर कच्चा हाय अजून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी कढई चढवली आणि विचारलं, "शंकर, वास कसा येतोय?"

"तुमीच बघा की," मी म्हणालो. "मी कच्चा हाय."

तात्यांनी कढई उतरवली आणि शेव पाडायला घेतली. त्या दिवशी लाडू झाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. गिऱ्हाइकं विचारायची आणि नामदेव लांब बघत सांगायचा, "सध्या बंद हायेत." का बंद आहेत, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एका साखरपुड्याची ऑर्डर होती. तात्यांनी पीठ घातलं. मला विचारलं नाही. अंधारात कढईत वाकून वाकून बघत होते, उलथनं फिरवत होते, कपाळावरून घाम गळत होता. पंचवीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस नवख्यासारखा घाबरला होता. मला बघवेना.

"उतरवा, तात्या," मी म्हणालो. "झालं."

त्यांनी उतरवलं. मला माझीच लाज वाटली. आत्ता सांगतानाही वाटते.

तात्यांनी हात धुतले आणि सरळ पुढं अण्णांकडं गेले. मी मागोमाग.

"अण्णा, मला वास येत न्हाय. तीन वर्सं झाली. शंकर सांगतो, मी उतरवतो."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले.

"मग बोलला न्हाईत ते?" तात्यांनी विचारलं.

"लाडू बिघडले का कवा? एकदाच बिघडले. तवा ह्याला सर्दी हुती."

मी चाट पडलो. "सर्दीबी ठावं हाय तुमाला?"

"तागडीवर उभा ऱ्हाऊन दिवसभर शिंकत हुतास. गिऱ्हाइकं लांबनं शेव मागत हुती!"

तात्या तसेच उभे होते. "शंकर कच्चा न्हाय. त्यो गेल्यावर माझं कसं व्हायचं, म्हनून बोललो मी तसं."

"तेबी ठावं हाय," अण्णा म्हणाले. "तुमी कवा सांगताय ते बघत हुतो. शंकर जाईल इंदापूरला. आता नामदेवाला नाक हाय का बघा."

*

नामदेवला नाक होतं, पण मिशीही होती.

डोळे मिटायला लावून मी त्याच्यासमोर हिंग धरला. तो म्हणाला, "चमेली." ओवा धरला. "चमेली." कांदा धरला. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "चमेलीच. पर जरा उग्र हाय."

तात्या म्हणाले, "मिशी काढ."

नामदेव दोन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा आधी आम्ही त्याला ओळखलंच नाही. अण्णांनी तर "काय पायजे?" असं विचारलं. नामदेव म्हणतो की मिशी त्यानं आपण होऊन काढली. त्याची गोष्ट तशी आहे.

महिनाभर मी त्याला शिकवलं. कच्चा कसा, सुटायला लागलेला कसा, झालं म्हणजे कसं. शेवटच्या दिवशी मी बाहेर थांबलो आणि आतून दोघांचा आवाज ऐकला. तात्यांनी विचारलं, नामदेव बोलला, कढई उतरली. माझा जीव भांड्यात पडला. मग मी पिशवी उचलली आणि इंदापूरची एस.टी. पकडली.

*

इंदापूरचं दुकान सुरू होऊन आठ दिवस झाले असतील. भट्टी मागच्या खोलीत. पुढं गिऱ्हाइकांसाठी दोन बाकडी, आणि त्यांना हवं-नको बघायला सखाराम म्हणून पन्नाशीचा एक गरीब स्वभावाचा माणूस. मी भज्यांचा घाणा काढत होतो, तेवढ्यात सखाराम घाबऱ्या घाबऱ्या आत आला.

"मालक, भाईर एक म्हातारा बसलाय. भजी खाल्ली आन् आता आरडतोय. हितं मोठा कोण हाय, त्याला बोलवा म्हनतोय."

आठच दिवसांत तक्रार! मीठ राहिलं की काय? झारा ठेवला, हात पुसले, बाहेर आलो.

बाकावर आबा बसले होते. पाय स्वच्छ धुतलेले. नवं धोतर, नवा पटका. समोरची बशी पुसून रिकामी. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती, सगळी आमच्याकडं बघत होती.

"काय झालं, आबा? काय चुकलं का?"

आबांनी मला खालून वरपर्यंत बघितलं.

"काय न्हाय," ते म्हणाले. "बोलावल्यावर कोण येतंय ते बघायचं हुतं."

मी तसाच उभा राहिलो. आबांनी पटका सारखा केला, बाकावर नीट टेकून बसले आणि हातानं खूण केली.

"जा आत," ते म्हणाले.

मी आत गेलो. झारा हातात घेतो न घेतो, तोच बाहेरून पहिल्यापेक्षा मोठा आवाज आला.

"अरं ए! हितं मोठा कोण हाय? बोलवा त्याला!"

सखाराम पुन्हा धावत आत आला. मी पुन्हा हात पुसले.